पुरलेली वीस वर्षे

मत्तयाच्या शुभवर्तमानात २५व्या अध्यायात एक दाखला आहे. परदेशी निघालेला धनी तीन दासांना पाच, दोन आणि एक टॅलंट देऊन जातो. टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले, त्याच्याही हातात जवळजवळ वीस वर्षांचे श्रम होते. त्याने ते जमिनीत पुरले आणि जसेच्या तसे परत केले. तरी तो दोषी ठरला.

देणगीचा हिशेब मागितला, तर ते कर्जच नव्हे का? पण कर्ज जसेच्या तसे फेडता येते, आयुष्य येत नाही. जपून ठेवलेला दिवसही संध्याकाळी संपतोच. धन्याने दासाला आळशी म्हटले, पण त्या आळसाच्या मुळाशी भीती होती.

मग प्रत्येक तास कामाने भरायचा? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तसेच वाटते. पण येशू वादळात होडीत झोपला, काना गावच्या लग्नालाही गेला. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. उघड्यावर मांडलेले अर्धे काम दुसरे कोणी पुढे नेऊ शकते. पुरून ठेवलेले नाही.