अन्नातील देश आणि काल

आपल्या भूमीत पिकलेले आणि त्या त्या ऋतूत आलेलेच अन्न खावे, हा नियम भारतीय विचारात दोन वाटांनी आला आहे. एक वाट वैद्यकाची, दुसरी व्रतांची. दोन्ही वाटांनी वाढलेले ताट बऱ्याचदा सारखेच दिसते, त्यामुळे त्यांचा हेतूही एकच असावा असे वाटते. तसे नाही. केवळ प्रकृतीसाठी पाळलेला नियम हा सल्ला असतो. तो धर्म व्हायचा, तर त्याला स्वतःच्या शरीरापलीकडचे कारण लागते.

वैद्यकाची भूमिका चरकसंहितेत नीट मांडलेली आहे. विमानस्थानात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. देश आणि काल या त्यांतल्याच दोन. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात सहा ऋतूंचा आहार येतो. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, म्हणून जुने धान्य खावे. हेमंतात तो प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध आणि जड अन्नही पचते. पण जे आपल्या भागात चालते ते हितकर, असे चरक मानत नाही. बाल्हीक, सौराष्ट्र, सिंधू या भागांतले लोक दुधाबरोबरही मीठ खातात, अशी नोंद करून तो त्या अतिरेकाचे दुष्परिणाम सांगतो आणि अशी सवय हळूहळू सोडावी असे सुचवतो.

व्रतांचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्रात आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून कांदा, लसूण आणि वांगी चातुर्मासासाठी बंद होतात. अनेक घरांत ती चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच पुन्हा शिजतात. अक्षय्य तृतीयेला पितरांना दिल्याशिवाय आंबा न खाणारी घरेही पुष्कळ आहेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच कोळी होड्या लोटतात. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ, आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला आता कायद्यानेही बंदी आहे. या सर्व रीतींत खाणाऱ्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क मानलेला आहे.

हा विचार सर्वांत स्पष्ट दिसतो तो भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य. परसात हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढे चालते. म्हणून अळू, माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, लाल भोपळा, मक्याचे कणीस अशी एकत्र भाजी होते आणि सोबत वरी किंवा देवभात असतो. भाजी पावसाळ्याची आणि परसातली असते हे खरे, पण ते नियमाचे फळ आहे. मूळ नियम श्रमाचा आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतले अन्न निषिद्ध सांगितले आहे. गृहस्थ स्त्रिया तोच नियम वर्षातून एक दिवस पाळतात. या व्रताला रजस्वलेच्या दोषाचे प्रायश्चित्त जोडले गेले, तो भाग मात्र निःशंकपणे टाकून द्यावा. बैलाचे ऋण मानण्याला त्याची काहीही गरज नाही.

याच भाजीतला मका आणि लाल भोपळा मूळचे अमेरिका खंडातले आहेत. उपवासाचा बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. परंपरेने या सर्वांना सोवळ्यात घेतले. तेव्हा अन्न आपले की परके हे त्याच्या कुळावरून ठरवणाऱ्यांना परंपरेचा आधार मिळत नाही. ते कोणाच्या कष्टाने आले आणि कोणाचे हिरावून आले, एवढेच विचारण्यासारखे आहे.

गांधींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणे, आणि स्वदेशी ही दोन्ही व्रते घेतली. 1916 मध्ये मद्रासच्या भाषणात त्यांनी स्वदेशीचा अर्थ सांगितला तो असा, की दूरच्यांना बाजूला ठेवून आधी आपल्या निकटच्या परिसराचा उपयोग आणि सेवा करणे. परक्या वस्तूचा ती परकी म्हणून द्वेष करणे त्यांना मान्य नव्हते. या मांडणीत जवळचे अन्न हे शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य ठरते.

मग ज्याला जवळचे अन्न मिळतच नाही त्याचे काय? छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशातले पीक बुडाले तेव्हा त्याने हत्ती राखणाऱ्याकडून उष्टे कडधान्य मागून खाल्ले, पण त्याचे उष्टे पाणी नाकारले. ते न खाता तो जगला नसता; पाणी मात्र त्याला हवे तेथे मिळणार होते. नियमाची हद्द याहून नेमकी क्वचितच कोणी आखली असेल. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लोकांनी रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली. त्यात कोणताही नियम मोडला नाही. बाजारात ज्याला हवे ते विकत घेता येते, त्याला मात्र ही सवलत नाही.

उलट बाजूची अडचण जास्त अवघड आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या दुष्काळातही मराठवाड्यात भरपूर पाण्यावर वाढणारा ऊस उभा होता. त्याची साखर लातूरकरांसाठी अगदी जवळची होती, तरी ती शेजाऱ्याच्या घोटातून आलेली असल्याने व्रताच्या कसोटीला ती उतरत नाही.