अठरा इंचाला अठरा फूट

बस. चहा राहू दे. आत्ताच तुझ्या आईला भेटून आलोय आणि माझं डोकं ठिकाणावर नाही.

वास्तुशांतीला मला तासभर फ्लॅट दाखवलास. हे इटालियन मार्बल, हे फॉल्स सीलिंग, हे आपोआप लागणारे दिवे. बाथरूमच्या टाइल्स तर अशा, की त्यात बघून भांग पाडावा. त्याच टाइल्सवर ती माउली पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पडता पडता धरलं काय, तर टॉवेलचा रॉड. प्लास्टिकच्या गिट्टीत बसवलेले दोन स्क्रू! ओला टॉवेल तोलतो तेच पुष्कळ, त्यानं माणूस कसा तोलायचा? भिंतीत बोल्टनं आवळलेला आडवा दांडा कमोडशेजारी बसवायला तुझ्या प्लंबरला तास लागला नसता. पण तो 'हॉस्पिटलसारखा दिसतो', असं म्हणालास म्हणे. आता हॉस्पिटल बघून आलास ना पोटभर?

आणि ते दार. आत उघडणारं. ती दाराला टेकून पडलेली, बाहेरून तुम्ही ढकलताय, म्हणजे तिलाच ढकलताय. शेवटी सुतार बोलावून दार कापलंत. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडतं करणं ही काय मोठी विद्या आहे? बांधकामात वीस वर्षं काढलीस, लेका.

खालचा रॅम्प मात्र मला बघवला नाही. तो तू केलास हे वॉचमननं अभिमानानं सांगितलं. जोतं अठरा इंच, उतार पाच फूट. नववीत तुला प्रमाण कोणी शिकवलं? मीच ना? व्हीलचेअरला बारास एक, त्याहून उभा उतार चालत नाही. अठरा इंच चढायला निदान अठरा फूट लांबी हवी, जागा नसेल तर वळण घेऊन. तू केलीयस ती स्कूटर चढवायची घसरगुंडी. त्यावरून काल दोघांनी तिला धरून उतरवलं, तेव्हा ती डोळे मिटून बसली होती.

पैसे नव्हते, असं म्हणायची सोय नाही तुला. त्या वॉचमनच्या आईला विचार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पासष्टीच्या पुढच्या गरिबांना एकदाच 3000 रुपये मिळतात. त्यातून तिनं कमोडची खुर्ची आणि वॉकर घेतला. 3000 रुपयांत भिंत पाडून होत नाही, दारही रुंद होत नाही, सरकारची धाव तिथंच संपते. तरी त्या बाईनं आधी स्वतःला काय लागतं ते बघितलं आणि मग दुकानात गेली. तू पंधरा लाख घातलेस आणि आईला एका शब्दानं विचारलं नाहीस, की रात्री उठतेस तेव्हा हात कुठं टेकतेस.

मान खाली घालू नकोस, तेवढ्यानं भागत नाही. टेप कुठाय तुझी? आण. व्हीलचेअर पंचवीस इंच, दार चोवीस; म्हणजे आत जाणार नाहीच ती. पण दारापर्यंत तर येते? आईला तिथं घेऊन ये. ती बोटानं दाखवेल, तू पेन्सिलनं खूण करायची. आणि तुझं मत मध्ये घालायचं नाही.