छे, हे औषध नाही!

गुडघ्यांची ती जाहिरात तुम्हीही पाहिली असणारच. सासूबाई धडाधड जिना चढतात, सून डबा उंचावते आणि पांढरा कोट चढवलेला, डॉक्टर नसलेला एक गृहस्थ मान डोलावतो. (या कोटांवर मी मागेही लिहिलंय, पुढेही लिहीन.) डोकं फिरलं ते डब्याची मागची बाजू भिंगाखाली धरल्यावर. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: औषधी वापरासाठी नाही.

पोषण-पूरकांच्या डब्यांवर हे शब्द छापणं २०१६च्या नियमांनी बंधनकारक केलं, तेही ठळकपणे. ग्राहकाने सावध व्हावं हा हेतू. कंपन्यांनी त्याचीच ढाल केली. गुण आला नाही? अहो, औषध आहे असं आम्ही म्हटलंच कुठे! पोट बिघडलं? अन्न आहे, एखाद्याला पोहेसुद्धा बाधतात. बरं, अन्न तर अन्न. मग ते किराणा दुकानात पोह्यांशेजारी का मिळत नाही, औषधाच्या दुकानातच का? ‘सकाळ-संध्याकाळ एक, जेवणानंतर’ असे पोहे कुणी खातं का? आणि पोहे विकायला पांढरा कोट कधीपासून लागायला लागला? किंमत लावताना औषध, पुरावा मागितला की अन्न. सोय उत्तम आहे.

आयुर्वेदात सांगितलंय, अमेरिकेतही चालतं, या सबबींवर जागा घालवत नाही. अमेरिकेत १९९४च्या कायद्यामुळे असा माल बाजारात आणण्याआधी सरकारी मंजुरी लागतच नाही. हा दाखला म्हणायचा की इशारा, तुम्हीच ठरवा. आणि डब्यावरचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक? तो बटाटा वेफर्सच्या पाकिटावरही असतो.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पूरकांची तपासणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर छापलेल्याच्या निम्मंच प्रथिन निघालं. गुण येणं राहू द्या, इथे मालच पुरता नाही!

माझं म्हणणं साधं आहे. औषधावरचा विश्वास विकून पैसे घ्यायचे असतील, तर औषधासारखा पुरावाही द्यावा, आणि तो विक्रीच्या आधी. तक्रारीनंतर नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. मोठ्या कंपनीला तो चित्रीकरणाच्या खर्चात धरता येईल.

हे सगळं आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांना ऐकवलं. ते म्हणाले, “पटतं हो, पण सहा महिन्यांचा एकदम घेतला की दोन डबे फुकट आहेत.” यापुढे काय बोलणार? निदान तो प्लॅस्टिकचा चमचा तरी वर ठेवायला लावा. दरवेळी कोपरापर्यंत पावडरीत हात घालावा लागतो, आणि त्यावर मात्र कुठलीच सूचना छापलेली नसते.