अधिकार कशासाठी?



याकोब व योहान यांनी येशूकडे मानाची आसने मागितली, तेव्हा बाकीचे दहा शिष्य चिडले (मार्क १०:३५-४५). मोठे व्हायचे असेल तर सेवक व्हा, असे प्रभूने त्यांना सांगितले. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. विश्वासघात करणाऱ्या यहूदाचेही! २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालसुधारगृहात १२ तरुण कैद्यांचे पाय धुतले.

अधिकार आपल्यापाशीही आहे: घरात, शाळेत, मंडळात. आपण आवाज चढवतो तो समोरच्याच्या भल्यासाठी की स्वतःचा मान राखण्यासाठी? आपल्या शब्दाने कोणी दुखावले असेल, तर आज घरी गेल्यावर आपणच आधी क्षमा मागू या.