धारेवर

मध्यमवर्गीय घर ओळखायची माझी एक खूण आहे. स्वयंपाकघरात जावं आणि सुऱ्या मोजाव्यात. सहा सुऱ्या निघाल्या आणि त्यातली एकही धड कापत नसली, तर ते घर आपल्यापैकी आहे असं खुशाल समजावं. या सहांपैकी दोन लग्नात आलेल्या असतात. एक चहाच्या पुड्याबरोबर फुकट मिळालेली असते. एक फक्त फळांसाठी म्हणून वेगळी ठेवलेली असते आणि तिने पार्सलांचे दोरे कापले जातात. पाचवीचा दांडा निसटलेला असतो. सहावी गेल्या दिवाळीपासून सापडत नसते. धार काय ती त्या सहावीलाच होती, यावर घरातल्या बायकांचं एकमत असतं.

आमचं घर नागपूरला, सक्करदऱ्यात. एक तलाव, भोसल्यांचा वाडा, आयुर्वेद कॉलेज आणि बुधवारचा बाजार ही आमची मालमत्ता. ज्या भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात बंगालपर्यंत जाऊन आल्या आणि ज्यांची १८१७ साली सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी गाठ पडली, त्यांच्या वाड्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाच्या घरी टमाटर कापलं न जाता नुसतं चेपलं जावं, ही काही भूषणाची गोष्ट नाही. पण आम्ही ती मनाला लावून घेतली नव्हती. नागपूरचा माणूस मुळात संत्र्यावर वाढलेला. संत्रं हे बोथट माणसांवर दया येऊन देवाने केलेलं फळ आहे. त्याला सुरी लागत नाही.

आमच्याकडे सुऱ्यांखेरीज एक पावशी आहे. पुण्यामुंबईकडे जिला विळी म्हणतात, ती आमची पावशी. ही आईची. आई त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि भाजी आपणच चिरणार हा तिचा हट्ट आहे. खाली बसायचं, पावशीच्या पाटावर पाय ठेवायचा आणि सांबाराच्या जुडीपासून (म्हणजे तुमची कोथिंबीर) कोहळ्यापर्यंत सगळं त्या पात्यावरून पार करायचं. बाकी हिशेब, किल्ल्या, देवपूजा, सगळं तिने एकेक करून आमच्या हवाली केलं. पावशी मात्र दिली नाही.

गेल्या श्रावणात पत्ताकोबी चिरताना तिचा अंगठा कापला. जवळच्या डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि म्हणाले, "आजी, एवढी धार कशाला ठेवता हो पावशीला?"

"धार असती तर इथं कशाला आली असती?" आई म्हणाली.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आईचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. धारदार पातं भाजीत आपण होऊन उतरतं. बोथट पात्यावर भाजी रेटावी लागते, रेटलेली भाजी घसरते आणि तिच्या मागोमाग आपला हात येतो. कांद्याचंही तसंच. बोथट सुरी कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चिरडते, आणि जितक्या पेशी चिरडाव्यात तितकं डोळ्यांतून जास्त पाणी येतं. आपल्याकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या कांद्यापायी रडल्या असं आपण मानतो. त्यातलं निम्मं रडू तरी घरातल्या पुरुषांनी सुरीला धार लावून आणली नाही म्हणून असावं.

दुसऱ्या दिवसापासून मी धार लावण्याच्या साधनांचा अभ्यास सुरू केला. आमच्या पिढीच्या माणसाला अपराधी वाटलं की तो अभ्यासाला बसतो. भाचा पुण्याला इंजिनीयर आहे. त्याने फोनवर माझा वर्गच घेतला.

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे चिनी मातीचा कप. तो उपडा केला की बुडाशी एक खरखरीत कडं दिसतं, कारण तेवढ्या भागाला चकाकी दिलेली नसते. त्यावर सुरी घासली की धार येते, आणि खरंच येते. मी करून पाहिलं. फक्त त्याच वेळी आमच्याकडे व्याही आले होते. त्यांच्यासमोर मी कप उपडा धरून त्यावर सुरी घासत बसलो होतो आणि चहा अजून यायचा होता. हा प्रयोग तिथेच थांबला.

दुसरं म्हणजे ते खाचेचं यंत्र, ज्यातून सुरी चार वेळा ओढायची असते. सोपं आहे, पण ते दर वेळी पात्याचं लोखंड खरवडून काढतं. तिसरी ती लांब सळई, जिच्यावर हॉटेलातले आचारी सपासप सुरी फिरवतात. मला वाटायचं, ती धार लावते. भाचा म्हणाला, "मामा, ती धार लावत नाही, मुडपलेली धार सरळ करते. धारच नसेल तर सळई काय करणार?" चौथं विजेवर चालणारं. पाचवा एक सांगाडा, ज्यात सुरी चिमट्यात पकडतात आणि दगड एका दांडीवरून ठरलेल्या कोनात फिरतो. पाश्चात्त्य सुरीला एका बाजूने वीस अंशांच्या आसपास कोन चालतो, जपानी सुरीला पंधराच्या. सहावे जपानी पाण्याचे दगड. हजार नंबरचा धार काढतो, सहा हजारांचा तिला चकाकी आणतो. ते पाण्याने ओले करून वापरतात आणि ज्याला हे जमतं तो म्हणे हळूहळू शांत होत जातो.

किमतीही ऐकल्या. साठ रुपयांच्या सुरीला धार लावण्यासाठी चार हजारांचा सांगाडा! "अहो," ही म्हणाली, "त्या पैशांत जन्मभर दर महिन्याला नवी सुरी आणता येईल." हिशेब तपासून पाहिला. माझा उरलेला जन्म हिने जरा कमीच धरला होता.

खरी अडचण वेगळीच निघाली. जगातल्या या सगळ्या यंत्रांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की सुरी हलते आणि भाजी जागेवर असते. पावशीचं उलट. तिथे पातं जागेवर आणि भाजी फिरते. पावशी खाचेत जात नाही, चिमट्यात मावत नाही, सळईवर चढत नाही. भाच्याला मी पावशीचा फोटो पाठवला. त्याने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, "मामा, हिला धारवालाच बरा."

धारवाला आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी येतो. सायकल स्टँडवर चढवायची, वर बसून पायडल मारायचं, की मागच्या चाकाच्या जोरावर समोरचं दगडी चाक गरगरा फिरतं आणि ठिणग्या उडतात. हे दृश्य पाहायला मी अजूनही चप्पल न घालता बाहेर येतो. त्याच्या कामात एक धोका आहे. कोरड्या चाकावर पातं जास्त वेळ धरलं तर तापतं, आणि कडेला निळसर झालं की लोखंडाचं पाणी उतरलं समजावं. मग धार येते, पण टिकत नाही. आमचा धारवाला हे जाणतो. दर दोन फेऱ्यांनी पातं डब्यातल्या पाण्यात बुडवतो. जुन्या काळी हत्यारांना धार लावणाऱ्यांना शिकलगार म्हणत. लढाया कुणी जिंकल्या ते आपण शाळेत पाठ करतो. तलवारी कुणी पाजवल्या हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

तर या वेळी त्याची आरोळी ऐकू येताच मी पावशी घेऊन बाहेर गेलो. त्याने ती हातात घेतली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साब, तीन साल से पावशी नहीं आई आपके घर से," तो म्हणाला. "मेरे को लगा, माँजी गुजर गए."

आई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. "मी आहे अजून!" ती मोठ्याने म्हणाली. धारवाल्याने कानाला हात लावला. मी पायांतल्या नसलेल्या चपलेकडे पाहिलं.

आता ते कारण सांगतो. गेली तीन वर्षं मी सगळ्या सुऱ्या धारवाल्याला देत होतो आणि पावशी मुद्दाम देत नव्हतो. आईची नजर अधू झाली, हात थोडा कापायला लागला. भाजी चिरू नकोस असं तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून मी पावशी हळूहळू बोथट होऊ दिली. म्हटलं, धार नसेल तर कापणार नाही, कंटाळा येऊन आपणच सोडून देईल. ना वाईटपणा, ना वाद. ही माझी माया होती. त्या मायेला तीन टाके पडले.

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा लक्षात आलं, की ही माझी एकट्याची नाही, अख्ख्या घराचीच रीत आहे. दोन वर्षांपूर्वी आईचा धाकटा भाऊ दवाखान्यात होता. आम्ही तिला रोज "जरा नरम आहेत" एवढंच सांगत होतो. ही बातमीसुद्धा आम्ही बोथट करूनच ठेवली होती. शेवटी सांगावंच लागलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भेटून तरी आली असती." ती जखम शिवायला डॉक्टर नव्हता.

म्हाताऱ्या माणसाच्या हातात धारदार पातं द्यावं का, हा प्रश्न सोपा नाही. कधी कधी ते काढून घ्यावंच लागतं, हे मला कळतं. पण मग समोर बसून तसं सांगायला पाहिजे, आणि त्यावर जे ऐकावं लागेल ते ऐकायला पाहिजे. मी ना काढून घेतलं, ना नीट ठेवलं. हत्यार तिच्या हातात, त्याचा कारभार चोरून माझ्याकडे. ही काळजी खरी कुणाची होती? तिच्या अंगठ्याची, की मला कराव्या न लागलेल्या त्या एका अवघड बोलण्याची?

हिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्याकडून स्कूटरची किल्ली कधी काढून घ्यायची तेही आत्ताच सांगून ठेवा. की पोरगा गुपचूप पेट्रोल काढून ठेवील, ते चालेल?"

मी ताबडतोब उठून आईकडे गेलो. आई जागीच होती. तिच्याशेजारी बसून सगळा गुन्हा कबूल केला.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "खिडकीतून दिसून राहिलं होतं ना. सगळ्या सुऱ्या बाहेर जायच्या, पावशी ओट्याखाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटून राहिलं होतं बाप्पा. म्हटलं, राहू दे."

म्हणजे तीन वर्षं मी तिच्यासाठी पावशी बोथट ठेवत होतो आणि ती माझ्यासाठी त्याच पावशीवर कोहळं रेटत होती. दोघांच्या या समजूतदारपणात घरात एक भाजी धड चिरली गेली नाही.

मग आमचं बोलणं झालं, जे तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. कोहळं, सुरण असले दांडगे प्रकार हिने सुरीने कापायचे. पालेभाजी, भेंडी, वांगी आईची. दुपारच्या उजेडात, दारापाशी बसून. आणि जेव्हा जमणार नाही तेव्हा ती आपण होऊन सांगेल. "मी सांगीन," ती म्हणाली, "तू ठरवायचं नाही."

साधनाचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. वर्षातून दोनदा धारवाला, आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला दोन तोंडांचा कारबोरंडमचा दगड, एक बाजू जाडी, एक बारीक. हे कारबोरंडमही मजेशीर प्रकरण आहे. १८९१ साली अमेरिकेत अॅचेसन नावाचे गृहस्थ कृत्रिम हिरे करायला गेले आणि हे झालं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती म्हणतात तसं. पण हा मारुतीही कठीणपणात हिऱ्याच्या बराच जवळ जातो, आणि आमच्यासारख्यांच्या उपयोगाचा तोच.

रविवारी सकाळी मी पावशीसमोर बसतो. इथे पातं जागेवर आणि दगड फिरतो. कोनासाठी भाच्याची युक्ती: कागदाचा काटकोन दोनदा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात. ती घडी मी पात्याशी धरून पाहतो. आई खुर्चीवरून नुसतं ऐकते. "खरखर येऊन राहिली, उभा धरला तू," ती म्हणते. मग दगड जरासा कलता करतो. "हं, आता सरसर आली." घडी घालून पाहावी तर कोन बरोबर असतो. पात्याच्या पलीकडच्या अंगाला लोखंडाची केसाएवढी कोर बोटाला लागली की ही बाजू झाली. मग दुसरी बाजू, शेवटी बारीक तोंडावर हलक्या हाताने ती कोर घालवायची.

दगडावरचं पाणी काळं होतं. ते काळं म्हणजे आपली पावशीच आहे, हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं. धार म्हणजे काही बाहेरून लावलेली वस्तू नाही, पात्यातून कमी केलेला भाग आहे. लग्नात आईबरोबर आलेलं हे पातं तेव्हा किती रुंद होतं ते तिने बोटांनी दाखवलं. आता त्याच्या निम्मंच आहे.

"अशाने संपून जाईल गं," मी म्हणालो.

"वापरली तर संपेलच," आई म्हणाली. "उठ आता, सांबार आण. पाहू दे कशी लागली."

मी सांबाराची जुडी दिली. पात्यावरून ती आवाज न होता उतरली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुढची जुडी मागितली. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र देण्याची पद्धत नाही.

ती सहावी सुरी अजून सापडलेली नाही. पण आता तिची कुणी आठवण काढत नाही.