पिशवीतली फाईल

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीबाहेर मुलाला घेऊन बसलेल्या आईजवळ हमखास एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात केस पेपर, आयक्यू चाचणीचा अहवाल, आधार कार्डाच्या झेरॉक्स, शाळेच्या डायरीतली लाल शाईची पानं, संपत आलेली गोळ्यांची पट्टी. आत गेल्यावर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांतली काही ही पिशवी उपसण्यातच जातात.

त्या मुलाची सगळी हकिगत फक्त या बाईला ठाऊक असते. शाळेला औषधं माहीत नाहीत, डॉक्टरांना शाळा माहीत नाही, आणि घरात निदानच मान्य नाही. ‘याचा बाप लहानपणी असाच होता,’ हा आजीचा निकाल. मग रजा टाकून खेपा घालणं, गोळ्यांनी येणारी झोप शाळेतल्या बाईंना समजावणं, कुठला दाखला कुठे मिळतो ते हुडकणं हे सगळं आईच करते. या कामाला आपण माया म्हणतो. माझ्या मते ते बिनपगारी, बिनशिकवणीचं व्यवस्थापन आहे.

नियम तरी किती अडनिडे! 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगत्वं मानली. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांचं, स्वतंत्र नाव नाही. चंचलपणामुळे तपासलेल्या मुलाला अध्ययन अक्षमताही असेल, तर दाखल्याची वाट वेगळी, तपासणी वेगळी. हे आईला सांगायचं कुणी? डॉक्टरांपुढे रांग आहे, मुख्याध्यापकांपुढे पटसंख्या.

आपल्याकडे चर्चा होते ती डॉक्टरांच्या तुटवड्याची. तुटवडा खराच आहे. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. (पाहणीच्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून हायसं वाटायचं कारण नाही.) पण उद्या तालुक्याला एक मानसोपचारतज्ज्ञ बसवला, तरी पिशवी आईच्याच हातात राहील.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये हाच प्रश्न कोर्टात गेला. गंभीर मानसिक त्रास असलेल्या गरीब मुलांना घरच्या घरी मदत मिळत नव्हती, आणि त्यापायी ती रुग्णालयांत अडकून पडत होती. ‘रोझी डी.’ नावाने गाजलेल्या या खटल्यात 2006मध्ये न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. उपचारांची मोट बांधणं हीसुद्धा मुलाला द्यावीच लागणारी सेवा ठरली. 2009पासून तिथे अशा कुटुंबाला एक समन्वयक मिळू लागला. तो शाळा, डॉक्टर आणि घरच्यांना एकत्र बसवतो. त्याच्या जोडीला असतो ‘फॅमिली पार्टनर’, म्हणजे स्वतः असं मूल वाढवलेला पालक. मला ही दुसरी नेमणूक जास्त मोलाची वाटते. आजीच्या निकालाला उत्तर डॉक्टरांपेक्षा अशी बाई चांगलं देईल.

हे श्रीमंत देशाचे चोचले म्हणून उडवून लावता येणार नाही. क्षयरोगाच्या कार्यक्रमात रुग्णाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणारा, खाडा झाला तर दार वाजवणारा माणूस आपण कधीपासूनच नेमतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याचं पद आहे. ते भरावं, आणि भरल्यावर त्या माणसाला ओपीडीच्या टेबलामागून मोकळं करावं. ठरावीक कुटुंबं त्याच्या नावावर असावीत, आणि शाळेत बैठक बोलावण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा. अधिकाराविना तो आणखी एक खिडकी होऊन बसेल. शाळेला काय सांगायचं आणि काय नाही, हे मात्र आईबापांना आणि समजत्या वयाच्या मुलाला विचारूनच ठरावं. आणि कृपा करून हे काम आशाताईंच्या गळ्यात मारू नये. त्यांच्या रजिस्टरांचा गठ्ठा आधीच त्या पिशवीहून जड आहे.

खरी अडचण मोजणीची आहे. कार्यकर्तीने बाईंशी तासभर बोलून एका मुलाची शाळा टिकवली, तर ते लिहायचं कुठल्या रकान्यात? नवे रुग्ण आणि जुने रुग्ण एवढंच मोजायचं ठरलं, तर परीक्षेतल्या सवलतीची मुदत हुकलेला दहावीतला मुलगा पुढच्या तारखेला गोळ्या न्यायला येतो आणि ‘जुने रुग्ण’मध्ये बरोबर मोजला जातो.