माडीच्या फळ्या

सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला निघाला, तेव्हा दोन भावांच्या वाट्याला एकेक फ्लॅट आला. ती वाटणी बिल्डरने कागदावर करून दिली होती. माडीच्या कडीपाटाचं मात्र कुणी बोललंच नव्हतं. जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला, तेव्हा आठवण झाली.

सगळं सागवान. इंचभर जाडीच्या फळ्या, वर कितीएक वर्षांची पावलं आणि खाली तितक्याच वर्षांचा चुलीचा धूर. थोरल्याने भाव विचारला, घनफुटांचा हिशेब केला आणि आपला निम्मा वाटा त्याच दिवशी टेम्पोत चढवला. "जळकी लाकडं ती. पैसे मिळताहेत हेच खूप," तो म्हणाला. धाकट्याने आपल्या फळ्या ठेवून घेतल्या. का, ते त्यालाही धड सांगता येईना. माडीवर अनवाणी वाढलेल्या माणसाला गार फरशीची धास्ती वाटते, एवढंच असेल.

मिस्त्री म्हातारा होता. त्याने एक काळी फळी आडवी टाकली, आधी खिळे उपसले (एक जरी राहिला तरी रंध्याचं पातं गेलंच) आणि रंधा एकदाच फिरवला. काळी साल गोल वळून खाली पडली. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं आणि खोलीभर तेलकट, चामड्यासारखा वास सुटला.

"इतक्या वर्षांनी वास?"

"अंगात तेल आहे ना. म्हणून तर वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड असतं ते खाते. हा गाभा आहे."

बढाई नव्हती ही. वाडियांनी 1817 साली मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज बांधलं; ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. मिस्त्रीला ते ठाऊक नव्हतं, फळी ठाऊक होती.

थोरल्याने लॅमिनेट घातलं. दाबलेल्या भुशाच्या पट्ट्या, त्यावर लाकडाचा छापील फोटो, वर पारदर्शक थर. दोन दिवसांत घर चकाचक. धाकट्याकडे फळ्या पंधरा दिवस हॉलमध्ये नुसत्या रचून ठेवलेल्या. "घरची हवा लागू दे त्यांना," मिस्त्री म्हणे. आलेले पाहुणे त्या ढिगावरच बसून चहा पिऊन जात आणि धाकट्याची बायको दर रविवारी विचारी, की हे नक्की कधी जमिनीवर जायचंय.

गेलं एकदाचं. तर चारी भिंतींपासून बोटभर फट! धाकटा म्हणाला, "मिस्त्री, एवढी बुजवून टाका."

"बुजवतो. मग जुलैत खोलीच्या मधोमध टेकाड येईल, ते तुम्ही बघा. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, दिवाळीनंतर आखडते. तिला जागा लागते. वरून पट्टी मारतो, दिसणार नाही." स्वयंपाकघरात लाकूड घालायला मात्र त्याने साफ नकार दिला. "तिथे फरशीच. सांडलवंड फरशीने सोसावी."

वास्तुशांतीला लोकांनी थोरल्याच्या जमिनीचं तोंड भरून कौतुक केलं. धाकट्याकडे एक फळी दुसरीसारखी नव्हती. जुन्या खिळ्यांचे काळे डाग तसेच. एका काकूंनी विचारलं, "काम अजून बाकी आहे का?"

पुढच्या कुरबुरी आल्याच. बादलीभर पाणी ओतून पुसायची सवय असलेल्या बाईंना पिळलेल्या फडक्याचा नियम पटवण्यात सहा महिने गेले. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवावे लागले. तरी नातवाच्या तीनचाकी सायकलने ओरखडे उठवले आणि एका संध्याकाळी समईची वात पडून रुपयाएवढा डाग पडला. धाकटा त्या डागाभोवती आठवडाभर हळहळत फिरत होता. जमीन गालिच्यासारखी धूळ धरत नव्हती, केरसुणी फिरवली की लख्ख. पण जमिनीची इतकी काळजी करायची म्हणजे जरा अतिच, असं मलाही वाटायचं.

आई दोन्ही घरी आलटून पालटून राही. जानेवारीत मात्र ती धाकट्याकडून हलत नसे. गुडघ्यांना गारठा सोसत नाही, म्हणून थेट जमिनीवर बसून शेंगा सोलायची. "थोरल्याची जमीन बघायला छान," ती म्हणे. "इथे पाट मांडावा लागत नाही. अख्खी खोलीच पाट."

एका जुलैत थोरला दोन दिवस कोकणात गेला आणि गॅलरीचं दार नीट लावायचं राहिलं. परत येतो तो पट्ट्यांचे सांधे फुगून वर आलेले. वाळल्यावरही बसेनात. घासून बघितलं, तर फोटो निघून गेला आणि खाली तपकिरी भुसा. दुकानदार म्हणाला, ते डिझाइन बंद झालं, सगळंच बदला.

दहाव्या वर्षी मिस्त्रीचा मुलगा घासायचं यंत्र घेऊन धाकट्याकडे आला. थोरला खुर्ची टाकून बघत बसला. सायकलचे ओरखडे तासाभरात गेले. समईचा डाग खोल होता. तो फिका झाला, पण हटेना. आई म्हणाली, "राहू दे तो."

"आणि असं कितीदा घासता येतं?" थोरल्याने विचारलं.

"आज मिलिमीटरसुद्धा गेला नाही काका, आणि फळी जवळजवळ इंचाची. तुम्हीच मोजा. ह्याला वरची बाजू वेगळी नसते. कुठेही तासा, सागच."

थोरला काही बोलला नाही. त्या शनिवारी तो भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेला. जुन्या कडीपाटाच्या फळ्या एका वखारीत उभ्या होत्या. त्याने खिशातून किल्ली काढली, एका काळ्या फळीच्या कडेला खरवडलं आणि वाकून वास घेतला. मग घनफुटाचा भाव विचारला. त्याने आपल्या विकल्या होत्या, त्याच्या तिपटीहून जास्त निघाला. त्याने घासाघीस केली नाही.